दुसऱ्या फ्लॅटच्या दानशूर मालकांस अनावृत पत्र

माननीय घरमालक महोदय,



‘भाडेकरू हप्ता फेडेल आणि फ्लॅट आपला होईल’ या श्रद्धेने कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेणाऱ्या आपणा सर्वांचे भाडेकरूंच्या वतीने जाहीर आभार. दान करूनही कमाई केल्याचं समाधान मिळवणं सोपं नाही. पुण्याजवळच्या वाकडचा ८० लाखांचा फ्लॅट धरू. ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे ५२ हजार. भाडं २२ हजार धरलं, तर उरलेले ३० हजार दरमहा आपल्या पगारातून जातात. वर सोसायटीचा मेंटेनन्स, शिवाय स्वतः राहत नाही म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत जादा आकार, मिळकतकर आणि दलाली. भाडेकरू ज्या घरात राहतो त्याच्या व्याजाचा मोठा भाग आपण भरता, आणि तरी उपकार आपणच करत असल्याच्या थाटात त्याला खिळा ठोकायची परवानगी नाकारता.

आपण म्हणाल, भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढतं. अवश्य वाढू दे. एकही वर्ष न चुकता वाढलं, तर एकोणिसाव्या वर्षी ते हप्त्याला गाठेल. तोवर कर्ज संपतच आलेलं असेल. आपण म्हणाल, कर वाचतो. जुन्या करप्रणालीत घराचा तोटा इतर उत्पन्नातून वजा करायला २०१७-१८ पासून वर्षाला दोन लाखांची मर्यादा आहे आणि नव्या प्रणालीत तो पगारातून वजाच होत नाही. राहिला हुकमी एक्का: भाव वाढेल. पहिल्या वर्षी व्याजच पाच लाखांच्या वर जातं, तर खर्च आणि एखादा रिकामा महिना वगळून भाड्याचे हाती उरतात जेमतेम दोन लाख. त्यात आपले २० लाख आणि मुद्रांक शुल्काचे साडेपाच लाख सात टक्क्यांच्या ठेवीत असते तर जे मिळालं असतं, तेही धरा. म्हणजे फ्लॅटचा भाव वर्षाला सहा टक्क्यांनी चढला तर कुठे पहिल्या वर्षी बरोबरी. भाव तेवढा चढतही असेल. पण तो जमिनीमुळे चढतो. इमारत जुनीच होत जाते, आणि विकायला काढाल तेव्हा शेजारी नवा टॉवर उभा असतो. वाढीवर पैज लावायला हरकत नाही, पण मग तिला भाड्याचं उत्पन्न म्हणू नये.

हे दान आपण चालवता कसं, तेही पाहण्यासारखं आहे. जात, आहार, अविवाहितपण यांची चौकशी करत घर महिनाभर रिकामं ठेवता. म्हणजे वर्षाच्या भाड्यातले आठ टक्के गेले. आणि हजार-दोन हजार वाचवायला करारनामा नोंदवत नाही! महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. तो नोंदवला नसेल, तर अटींबाबत उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. तेव्हा रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिट कापण्याआधी कागद नोंदवलेला आहे ना, एवढं एकदा पाहावं.

आपले कृपाभिलाषी,
समस्त भाडेकरू