दोन बोटांची फट

पवईत सगळं वर चाललं आहे. हिरानंदानीतल्या ग्रीक खांबांच्या इमारती वर गेल्या, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मेट्रो ६ चे खांब वर आले, जागांचे भाव तर कधीच ढगात पोचले, आणि आता गाड्याही वर निघाल्या आहेत. ज्या घरात पूर्वी होंडा सिटी असायची तिथे आज अशी गाडी असते की आजींना आत चढवायला दोन नातवंडं लागतात. अशा या ऊर्ध्वगामी उपनगरात एकच प्राणी खाली जायला धडपडत असतो. वय तिशीच्या आगेमागे, नोकरी सॉफ्टवेअरची, घर चांदिवलीच्या बाजूला, आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये एक जुनी पोलो, स्विफ्ट किंवा सिटी. ही गाडी कंपनीने जेवढी उंच दिली आहे त्याहून दीड-दोन इंच खाली आणणं हे त्याचं जीवितकार्य. मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट तो बोटांनी मोजतो. शोरूममधून आलेल्या गाडीत चार बोटं सहज जातात, त्याला दोनच जायला हवी असतात. भूमिपुत्र म्हणवून घेणारे मुंबईत पुष्कळ झाले. जमिनीच्या जवळ जाण्यासाठी पदरचे पैसे घालणारा मात्र हाच.

त्याच्याविषयी सोसायटीचं मत ठरलेलं आहे: उनाड आहे, वेगाची चटक आहे, एक दिवस कुणाला तरी उडवणार. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. गाडी खाली आणलेला हा माणूस पवईतला सर्वांत संथ आणि सर्वांत सावध चालक असतो, आणि महापालिकेने न नेमलेला, बिनपगारी रस्ते-निरीक्षकही असतो. हे पटायला त्याचा उद्योग आधी नीट समजून घ्यायला हवा.

त्याने मागवलेल्या वस्तूचं नाव कॉइलओव्हर. शॉकप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग असा हा जोडसंच. शॉकपच्या नळीला बाहेरून आटे असतात. आट्यांवरची कडी पान्याने फिरवली की स्प्रिंगची बैठक खालीवर सरकते आणि तसतशी गाडीची उंची बदलते. चारही चाकांचा बरा संच घ्यायचा तर पाऊण-एक लाख सहज जातात. घरी मात्र ‘शॉकप गेलेच होते, बदलावे लागणारच होते’ एवढंच सांगितलं जातं, आणि ते खोटं वाटू नये म्हणून आधीचा महिनाभर प्रत्येक खड्ड्यावर तो आईला ‘ऐकलंस? आवाज ऐकलास?’ असं विचारून ठेवतो. साकीनाक्याला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला हे काम अर्ध्या दिवसात करून देणारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे तो जात नाही, कारण त्यातला एखादा हमखास म्हणतो, ‘कशाला एवढा खर्च, साहेब? आहे तीच स्प्रिंग कापून देतो.’ स्प्रिंग कापणं हे त्याच्या धर्मात महापातक आहे. दुसरं कारण तो उघड सांगत नाही. चार वर्षं घासून त्याने इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून कीबोर्ड बडवायला लागला. लोखंडाशी त्याचा सोयरसंबंध जुळलाच नाही. १९५८ साली आयआयटी आल्यापासून पवईत इंजिनिअरांना तोटा नाही, पण सोसायटीचं फाटक अडकलं की ते उघडायला अजून वॉचमनच लागतो. अशा वस्तीत रविवारी सकाळी हातात पाना घेऊन जमिनीवर आडवा झालेला पदवीधर मला तरी उनाड वाटत नाही. उशिरा का होईना, तो प्रॅक्टिकल देतो आहे.

प्रॅक्टिकल कागदावर सोपं आहे. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल करायचे, मग जॅक, मग जॅक स्टँड, मग चाक, लिंक रॉड, ब्रेकच्या पाइपची आणि एबीएसच्या वायरीची क्लिप, खालचे दोन बोल्ट, वरचे नट, आणि शॉकप हातात. व्हिडिओत हे अकरा मिनिटांत होतं. मुंबईच्या दमट हवेत मुरलेला पहिला बोल्ट सुटायला दुपारचा एक वाजतो. तोवर प्रेक्षक जमलेले असतात. वॉचमन टॉर्च धरतो. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका ‘आमच्या फियाटला असलं काही लागायचं नाही’ असं सांगून खुर्ची मागवतात. सेक्रेटरी येऊन फरशीवर तेल सांडेल अशी भीती घालतात, त्यावर तो ‘काका, सस्पेन्शनला कुठलं तेल?’ असं ठणकावतो, आणि त्याच क्षणी जुना गळका शॉकप आडवा होऊन आपल्या पोटातलं तेल फरशीवर ओततो. संध्याकाळी गाडी खाली येते तेव्हा डावी बाजू दोन बोटं असते आणि उजवी अडीच. मग पुन्हा जॅक. हे अर्ध्या बोटाचं प्रकरण पुढचे तीन रविवार खातं, कारण नवी स्प्रिंग बसायला थोडा काळ जातो आणि आज जुळवलेली उंची आठवड्याने पुन्हा बदलते. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. व्हील अलाइनमेंट न करता गाडी फिरवली तर टायर आतल्या कडेने झिजून जातो. हे त्याला पाठ असतं. ज्यांच्या गाडीला कधी पाना लागलेला नाही त्यांच्यापैकी किती जणांना आपल्या टायरची आतली कड ठाऊक आहे?

आता वेगाचा आरोप. गाडी खाली आल्यावर हा माणूस रस्त्यावर कसा वागतो ते पाहा. गतिरोधक दिसला की तो पन्नास मीटर आधीच ब्रेक लावतो, गाडी तिरकी करतो, एकेक चाक वर चढवतो, आणि मागची रिक्षा हॉर्न वाजवून दमली तरी श्वास रोखून थांबतो. चेंबर घासलं तर इंजिनचं ऑइल रस्त्यावर, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आणि यातली खरी गंमत गणितात आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडता यावा. होंडा सिटीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर आहे. ती अशा गतिरोधकाच्या मधोमध आली की चारही चाकं त्याच्याच उतारावर असतात, त्यामुळे माथा चाकांच्या पातळीच्या वर जेमतेम ५ सेंटिमीटर येतो. गाडीचा मूळचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर. त्यातले ४० आपल्या नायकाने काढून घेतले तरी १२५ उरतात. थोडक्यात, नियमाने बांधलेल्या गतिरोधकावर त्याची गाडी घासायचं काही कारणच नाही. घासते ती सोसायटीच्या फाटकापुढच्या त्या उंचवट्यावर, जो वीतभर रुंद आणि कमिटीच्या रागाइतका उंच असतो. एक बेकायदा गाडी एका बेकायदा उंचवट्यावर घासते, आणि दोघांपैकी कुरकुर फक्त गाडीची ऐकू येते. कुठल्या गल्लीतला उंचवटा नव्याने घातला, कुठे पेव्हर ब्लॉक खचला, कुठे मॅनहोलचं झाकण वर आलं, हे त्याच्याइतकं वॉर्ड ऑफिसलाही ठाऊक नसतं. उंच गाडीवाल्याला यातलं काहीच कळत नाही. तो सगळ्यावरून जातो आणि रस्ते चांगले झालेत असं म्हणतो.

यावर जाणकार विचारतील, मग एवढं करून गाडी वळणावर तरी चांगली धरते का? धरते, पण त्याला वाटतं तेवढी नाही. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारा भार थोडा कमी होतो, हे खरं. पण अशा बहुतेक गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन पद्धतीचं असतं. १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांतून जगभर गेलेल्या या रचनेत गाडी खाली आणली की ज्या बिंदूभोवती ती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. म्हणजे नुसती उंची घटवली तर गाडी कलायला अधिकच उत्सुक होते. तिला सरळ ठेवते ती नव्या स्प्रिंगची ताठरता. त्या ताठरतेचा हिशेब पाठीचा कणा मांडतो. खाली असूनही चाकाला हलायला जागा ठेवणाऱ्या गाडीचं उत्तम उदाहरण पवईतच आहे. आयआयटी बॉम्बे रेसिंग हा विद्यार्थ्यांचा चमू स्वतः विजेवरची रेसिंग कार बांधतो आणि इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरवतो. ती गाडी जमिनीला चिकटलेली असते, पण त्या स्पर्धेचे नियमच सांगतात की चाकाला किमान ५० मिलिमीटर खालीवर हलायला जागा हवी. आपला नायक दुसऱ्या बोटाच्या मोहात कडी इतकी खाली फिरवतो की शॉकप पहिल्याच खड्ड्यात बंप स्टॉपच्या रबरावर जाऊन आपटतो. तेव्हा कामगिरीसाठी म्हणून त्याची बाजू मी घेणार नाही. पण जिला वळणावर दाबायची हिंमत होत नाही अशी गाडी तो सावकाशच चालवतो, आणि माझा मुद्दा तोच आहे.

कायद्याचा आक्षेप याहून जड आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तकातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. नायकाचा युक्तिवाद तयार असतो: आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकानाच नाही, मग विसंगती कशाशी? युक्तिवाद चलाख आहे, पण लिंक रोडवर शिट्टी मारून उभा असलेला हवालदार रकान्यांवर चर्चा करत नाही. विमा कंपनीही, तिला न कळवता बदल केला असेल तर, दाव्याच्या वेळी नेमकी हीच चर्चा काढते. इथे मी त्याचा बचाव सोडतो. एवढंच म्हणेन की कर्कश सायलेन्सर लावून रात्री दोनला सगळी वस्ती उठवणाऱ्याला आणि स्वतःचंच पोट घासून घेणाऱ्याला आपण एका रांगेत उभं करतो, ते बरोबर नाही. पहिल्याचा त्रास सगळ्यांना होतो, दुसऱ्याचा त्याच्या आईला. तिला त्या गाडीत बसताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं आणि बाहेर निघताना दोन माणसं लागतात.

राहिला मिरवण्याचा आरोप. मिरवतो, यात शंका नाही. पण एकट्याने जुहूला जाण्यासाठी सात माणसांची डोंगर चढणारी गाडी घेणं याला आपण गरज म्हणतो, आणि स्वतःच्या हाताने दोन बोटं कमावणं याला मिरवणं, हा न्याय मला समजत नाही. शिवाय त्याच्या संचाचा एक गुण मोठ्या गाडीत नाही: तो चूक कबूल करतो. जूनमध्ये पाऊस लागला, ५४५ कोटी लिटरचा पवई तलाव भरून मिठीकडे वाहू लागला, सखल रस्त्यावर पाणी तुंबलं, की हा पुन्हा रविवारी गाडीखाली शिरतो आणि कडी उलटी फिरवून गाडी वर घेतो. ऑक्टोबरात पुन्हा खाली. निसर्गापुढे वर्षातून एकदा रीतसर माघार घेणारा गाडीमालक पवईत दुसरा दाखवा.

एक आक्षेप मात्र मी बिनशर्त मान्य करतो, आणि तो सोसायटीत कुणी घेत नाही. बऱ्याच संचांत शॉकपच्या वरचं माउंट जुन्या जोडणीतून काढून नव्याला लावावं लागतं, आणि जुनी जोडणी उघडायची तर आधी तिची स्प्रिंग दाबून धरावी लागते. दर मिलिमीटरला दोन किलो जोर मागणारी स्प्रिंग १५ सेंटिमीटर दाबली तर तिच्यात ३०० किलोंचा जोर कोंडलेला असतो, आणि वरचा नट चुकीच्या वेळी सुटला तर तो समोरच्या तोंडावर येतो. हे काम भाड्याच्या स्वस्त स्क्रूच्या चिमट्यांवर पार्किंगमध्ये करण्याचं नाही. तेवढी जोडणी पिशवीत घालून साकीनाक्याच्या मिस्त्रीकडे न्यावी. शे-दोनशे जास्त मागितले तरी द्यावेत, आणि त्याने स्प्रिंग कापायचा विषय काढला तर ऐकून घ्यावं. सेक्रेटरींनीही तेलाच्या डागावरून भांडू नये. रविवारी त्याला चार तास खुशाल द्यावेत, फक्त तो गाडीखाली शिरण्यापूर्वी ती नुसत्या जॅकवर आहे की दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावलेत, एवढं वाकून पाहून घ्यावं.