बोईसर-तारापूर परिसरातील दप्तरांचे बाह्यांग: काही टिपणे

दप्तराचा अभ्यास आजवर फक्त वजनाच्या अंगाने झाला. १९९३ साली यशपाल समितीने ओझ्याची चिकित्सा केली. २०१५ च्या जुलैत महाराष्ट्र शासनाने दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा निर्णय काढला. २०२० च्या केंद्रीय धोरणाने तर पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो अशी मर्यादाच आखून दिली. दप्तराच्या बाहेरच्या बाजूकडे मात्र विद्वानांची नजर गेली नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी आम्ही पालघर ते तारापूर हा टापू निवडला.

इथली पहिली जात म्हणजे औद्योगिक दप्तर. एमआयडीसीतल्या कारखान्यात वडिलांना दिवाळीला मिळालेली सॅक जूनमध्ये मुलाच्या पाठीवर येते. तिच्यावर कुठल्याशा औषध कंपनीचे नाव असते आणि त्यावर मुलगा आवडत्या क्रिकेटपटूचे स्टिकर डकवतो. स्टिकर पहिल्या पावसात निघते. कंपनी दहावीपर्यंत टिकते.

आठवीच्या सुमारास विद्यार्थ्याला व्हाइटनरचा साक्षात्कार होतो. वहीतल्या चुका झाकायला आणलेली ही बाटली वहीवर क्वचितच रिकामी होते. काळ्या सॅकवर आधी स्वतःचे आद्याक्षर, मग बाण घुसलेला बदाम, मग दुसरे एक आद्याक्षर, जे सहामाहीनंतर कर्कटकाने खरवडलेले आढळते. गडद पृष्ठभागावर पांढरे काढणे ही या जिल्ह्याची जुनी रीत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने वारली सुवासिनी लग्नाचा चौक लिहीत आल्या. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना वारली चित्रांसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. व्हाइटनर संप्रदायाचे मूळ तिथे शोधण्याचा मोह आम्हालाही झाला. पण चौकातली त्रिकोणी माणसे कशी नेमकी असतात. इथे बदामाच्या दोन बाजूही जुळत नाहीत. मोह आवरला.

पट्ट्यांचे शास्त्र अधिक गहन आहे. पाचवीत पट्टे आईने आवळलेले, दप्तर मानेला भिडलेले. यत्ता चढते तसे दप्तर उतरते. नववीत ते कमरेखाली लोंबते आणि खांद्यावर एकच पट्टा उरतो. अपवाद लोकलचा. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावते, आणि तिच्या गर्दीत भल्याभल्या शैलीदारांना सॅक छातीशी कवटाळावी लागते. तेव्हा चेनला लटकवलेला किचेनांचा झुबका शेजाऱ्याच्या कोपराला टोचतो, आणि मालकाच्या अभिरुचीची समीक्षा तिथल्या तिथे, तोंडी होते.

पावसाळ्यात संशोधन बंद. सगळी दप्तरे रेनकोटच्या पाठीवरल्या कुबडात गडप होतात.

शिक्षण विभागाला एकच विनंती: दहा टक्के मोजताना किचेन धरायच्या की वगळायच्या, याचा खुलासा पुढच्या परिपत्रकात व्हावा.