तांत्रिक मान्यता

पाटणकर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झाले, हे विभागाला कळलं. पाटणकरांना अजून कळायचं आहे. घरात देवघराचा बल्ब बदलायचा झाला तरी ते आधी गरज सिद्ध करतात, मग अंदाजपत्रक करतात आणि मग अंधारात आरती होते.

अशा माणसाच्या घरी नात झाली. सुनेनं फोनवर सासूला विचारलं, "आई, बारशाच्या दुपट्यावर नाव भरून द्याल का?" काकू म्हणाल्या, "देते की." विषय तिथेच संपायचा, पण फोन स्पीकरवर होता. "भरायचं कशावर?" असं म्हणत पाटणकर आतल्या खोलीतून बाहेर आले. काकूंनी खिडकीखालच्या पायाच्या काळ्या मशीनकडे नुसती मान केली. पाटणकरांनी त्या मशीनकडे पाहिलं ते एखाद्या धोकादायक इमारतीकडे पाहावं तसं, आणि त्याच संध्याकाळी फाइल उघडली. विषय : भरतकाम व शिलाई यंत्र खरेदीबाबत.

बारसं बाराव्या दिवशी झालं. काकूंनी दुपट्यावर नाव हातानं, साखळी टाक्यात भरलं. फाइल बंद झाली नाही. मशीन घरात आलं तेव्हा नात बालवाडीत जात होती.

मधल्या काळात पाटणकर स्वस्थ बसले होते असं मात्र कुणी समजू नये. तीन दरपत्रकांशिवाय खरेदी करणं म्हणजे अनियमितता, तेव्हा रविवार पेठेतल्या तीन दुकानांत त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका फेरीला मी सोबत होतो. दुकानदारानं विचारलं, "काका, साधं झिगझॅग दाखवू, नुसतं भरतकामाचं दाखवू, की दोन्ही करणारं?" पाटणकरांनी उलट विचारलं, "दोषदायित्व कालावधी किती?" दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. "वॉरंटी," मी म्हटलं. मग त्यानं जरा धीर करून विचारलं, "चालवणार कोण? काकू?" पाटणकर म्हणाले, "ती पुढची बाब आहे."

त्यांचा तुलनात्मक तक्ता मी पाहिला आहे. आडवे पाच रकाने, उभे बारा. रिंग केवढी, मिनिटाला टाके किती, पोटात नमुने किती, पेन ड्राइव्ह चालतो का, दाते खाली घेता येतात का, सुई आपोआप ओवते की डोळे फोडावे लागतात. एक रकाना तर मशीन कुठल्या फायली वाचतं याचा होता. ब्रदरचं मशीन पीईएस मागतं, जानोमेचं जेईएफ, आणि कारखान्यांतल्या ताजिमा मशीनची डीएसटी बाजारात सगळीकडे चालते. भरतकामाच्या मशीनलाही फायली लागतात आणि फाइल योग्य नमुन्यात नसेल तर ते काम नाकारतं, हे समजल्यावर पाटणकरांना त्या यंत्राबद्दल जो आदर वाटू लागला तो आजतागायत कमी झालेला नाही.

न्यू जर्सीच्या पुतण्यानं तिकडून मशीन आणायची तयारी दाखवली होती. "व्होल्टेज काय?" पाटणकरांनी विचारलं. तिकडे 120, इकडे 230. मध्ये ट्रान्सफॉर्मर आला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची वेगळी दरपत्रकं आली. पुतण्यानं त्या वर्षी बदाम आणले.

शेवटी दोन्ही करणाऱ्या मशीनवर बोट थांबलं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून इथे सांगतो. ज्याला साडीला फॉल लावायचा आहे, पँट आखूड करायची आहे आणि पडदे शिवायचे आहेत, त्याला साधं झिगझॅग पुरून उरतं. भरतकामाचं मशीन त्याच्या कैक पट महाग. शिवाय जोड-मशीनला सुई एकच. मोर भरणं चालू असेल तेव्हा उसवलेली उशी तशीच राहते. नवशिक्यानं आधी सरळ शिवण सरळ घालावी, मोराचं नंतर बघावं. पण पाटणकरांना शिवण घालायचीच नव्हती. त्यांना तांत्रिक मान्यता द्यायची होती. प्रशासकीय मान्यता काकूंची. ती त्यांनी गृहीत धरली होती.

मशीन आलं. काकूंनी चष्मा लावून रिंग पाहिली आणि विचारलं, "अहो, एवढ्याशा रिंगमध्ये पदरावरचा मोर मावेल?"

"दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर. नवशिक्यांच्या मशीनला एवढीच येते."

"मग मान आज आणि पिसारा उद्या?"

"टप्प्याटप्प्यानं. अगं, पूल तसाच बांधतात."

काकू म्हणाल्या, "पुलाला नाचायचं नसतं," आणि भाजी निवडायला गेल्या.

पुढचे काही दिवस त्या घरातून शिट्ट्या ऐकू यायच्या. पाटणकरांची समजूत अशी की बटण दाबलं की मशीन मोर भरणार आणि आपण चहा पिणार. त्यांनी हिशेब मांडला होता : टाके 12,000, वेग मिनिटाला 400, काम अर्ध्या तासात पूर्ण. हिशेब चुकला नव्हता, पण मोर सात रंगांचा होता. एका सुईचं मशीन प्रत्येक रंगाला थांबतं, शिट्टी वाजवतं आणि दोरा बदलून मागतं. पहिल्या मोराच्या वेळी चहा तीनदा गरम केला. कापडाखाली पेपर लावायचा असतो, ही सूचना पुस्तिकेत पुढच्या पानावर होती आणि पाटणकर एक पान पूर्ण अंमलात आणल्याशिवाय दुसरं वाचत नाहीत. त्यामुळे कापड आवळलं गेलं, चुण्या पडल्या आणि मोर पावसात भिजून घरी आल्यासारखा दिसू लागला. एकदा त्यांनी होजिअरीच्या टी-शर्टला तीच टोकदार सुई लावली. सुईभोवती बारीक बारीक भोकं पडली. होजिअरीला बोथट टोकाची, बॉलपॉइंट सुई लागते, हे त्यांच्या तक्त्यात होतं. टी-शर्ट तक्त्यात नव्हता.

खरी कसोटी गुंत्याची. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं घरटं तयार व्हायचं आणि मशीन घर्रकन अडकायचं. गुंता खाली, म्हणजे दोष खालचा, या तर्कानं पाटणकरांनी बॉबिन काढली, घातली, पुन्हा काढली, केस साफ केली, तेल घालू की नको यावर पुस्तिका दोनदा वाचली आणि स्थळपाहणीचा अहवाल लिहायला घेतला. काकू दारातून म्हणाल्या, "वरचा दोरा ओवताना फूट वर होता का?"

"वरचा कशाला? गुंता खाली आहे!"

"म्हणूनच. फूट खाली असताना दोरा ओवला की तो टेन्शनच्या चकत्यांत बसत नाही. वरून सैल सुटतो, खाली गोळा होतो."

फूट वर केला, दोरा पुन्हा ओवला, मशीन सुरळीत चाललं. पाटणकरांनी अहवालात लिहिलं : 'दोष निरीक्षणाअंती दूर करण्यात आला.' कुणाच्या निरीक्षणाअंती, ते लिहिलं नाही.

काकूंना हे कुठून कळतं, हा प्रश्न पाटणकरांना कधी पडलेला नाही. लग्नाआधी त्यांनी शिवणक्लासात मशीनचं भरतकाम शिकून घेतलं होतं. पायाच्या मशीनचा फूट काढून टाकायचा, दाते निकामी करायचे, लाकडी रिंगमध्ये कापड ताणायचं आणि पायानं लय धरून दोन्ही हातांनी रिंग सुईखाली फिरवायची. ना फाइल, ना पेन ड्राइव्ह. बोट गेलं की फूट नसल्यामुळे सुई थेट बोटात. त्यांच्या उशांच्या अभ्र्यांवरचे पोपट अजून माना वळवून बघतात.

मग गेल्या जूनमध्ये दप्तर आलं. नातीचं नाव उर्वी. मशीनच्या पोटात अक्षरं इंग्रजी. मराठी नाव हवं तर ते संगणकावर टाक्यांत करून घ्यावं लागतं. ते पाटणकरांनी करून आणलं, रीतसर पावतीसह. टाके 2,400, म्हणजे सहा मिनिटं. घड्याळ लावून बसले. सहा मिनिटं झाली, मशीन थांबलं, दिवा लागला. काम मुदतीत पूर्ण. पाटणकरांनी समाधानानं कापड रिंगमधून सोडवलं.

मशीन थांबलं होतं ते दोरा तुटल्यामुळे. राहिला होता रफार.

एकदा रिंगमधून सुटलेलं कापड पुन्हा सुताच्याही फरकाशिवाय तसंच बसवणं भल्याभल्यांना जमत नाही. तीन दिवस पाटणकर पट्टी, खडू आणि गुण्या घेऊन झटत होते. तोवर शाळा सुरू झाली आणि नात 'उवी' नावाचं दप्तर पाठीवर टाकून गेली. बाईंनी हजेरीला तशीच हाक मारली. तिलाही ती आवडली.

रविवारी काकूंनी दप्तराचा तो कप्पा उसवला, काळ्या मशीनचा फूट काढला, आणि चहा उकळायच्या आत रफार भरून कप्पा पुन्हा शिवून टाकला. पाटणकर शेजारी मोजमाप पुस्तिका घेऊन उभे होते. त्यांनी नोंद केली : 'अतिरिक्त बाब – रफार, नग 1. मान्यता कार्योत्तर घेण्यात यावी.' आणि सहीसाठी पुस्तिका काकूंपुढे धरली.

काकू म्हणाल्या, "आधी तीन दरपत्रकं आणा."