लीनवाले सर

फ्लाइंग क्लब बारामतीचा असो की धुळ्याचा, तिथे एक लीनवाले सर असतातच. त्यांचं आडनाव फक्त लॉगबुकात सापडतं. बाकीचे विमान उडवतात, सर मिक्श्चर उडवतात.

सेसना १७२ मध्ये काळा नॉब थ्रॉटलचा, लाल मिक्श्चरचा, म्हणजे इंधन-हवेच्या मिश्रणाचा. लाल पूर्ण आत असला की इंजिनाला एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) भरपूर. बाहेर ओढाल तसं कमी; यालाच लीन करणं म्हणतात. टेकऑफला तो आतच हवा, कारण जास्तीचं इंधन सिलिंडर थंड ठेवतं. इथवर सरांनाही मान्य. पण विमान क्रूझला आलं, की सरांचा डावा हात लाल नॉबवर जातो आणि बाहेरचं जग संपतं. खाली उजनीचं पाणी. विद्यार्थी म्हणतो, "सर, फ्लेमिंगो!" सर म्हणतात, "ईजीटी बघ, ईजीटी!"

लीन करत गेलं की एक्झॉस्टचं तापमान (तेच ईजीटी) चढतं, एका टोकाला म्हणजे पीकला पोचतं आणि उतरू लागतं. टोकाच्या अलीकडे शंभरएक अंश फॅरनहाइटवर ताकद सर्वांत जास्त. पलीकडे इंधन वाचतं, वेग थोडा पडतो. सर अर्थातच पलीकडचे. पण कार्ब्युरेटरच्या इंजिनात इंधनाचं वाटप समान होत नाही. पंगतीतल्या शेवटच्या पानापर्यंत श्रीखंड पोचत नाही, तसा एखादा सिलिंडर कोरडा राहतो. मग इंजिन थरथरतं, विद्यार्थी पांढरा पडतो, आणि सर नॉब सूतभर आत ढकलून म्हणतात, "आत्ता जमलं!"

हँगरमधले इंजिनिअर काका पुटपुटतात, "पेट्रोलपेक्षा सिलिंडर महाग पडतो, साहेब." तेवढं निमित्त पुरतं. सर थेट १९४४ च्या न्यू गिनीत जातात. तिथे प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्गनं (सर त्याला 'आपला चार्ल्स' म्हणतात) पी-३८ लढाऊ विमानांच्या पायलटांना शिकवलं: आरपीएम १६०० पर्यंत उतरवा, मॅनिफोल्ड प्रेशर वाढवा, मिश्रण लीन ठेवा. इंजिनं जळतील म्हणून पोरं घाबरली होती. पल्ला मात्र शेकडो मैलांनी वाढला. काका शांतपणे आठवण देतात, की आपल्या १७२ चा प्रोपेलर फिक्स्ड पिचचा. एकटा आरपीएम उतरवायची सोयच नाही. सरांना ऐकू येत नाही.

घरी ते गॅसची ज्योत निळी आहे ना, हे वाकून बघतात. वहिनींनी एकदा विचारलं, "पोळीचाही पीक काढायचा का?" सरांनी गंभीरपणे विचार केला म्हणे.

वैताग येतो, पण सर चुकत नाहीत. ७५ टक्के ताकदीखाली पीकपर्यंत लीन करायला इंजिन बनवणाऱ्या लायकॉमिंगचीही हरकत नाही, आणि तासाला पाच-सात लिटर खरोखर वाचतात. शिवाय उड्डाणाआधी पंखावर चढून टाकीत डिपस्टिक घालायला सर दुसऱ्या कुणाला पाठवत नाहीत. उतरल्यावर पुन्हा तेच. इंधन संपून शेतात उतरलेली विमानं जगभर आहेत. सरांचं त्यांत एकही नाही.