समोर ब्रह्मदेव, मागे खेचरं

सिंहगडाचा कारभार सरळ आहे. अंगात दम असतो तेव्हा चढायचं, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं आणि जड पोटाने रमतगमत उतरायचं. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला ॲरिझोनात ग्रँड कॅन्यन नावाचा जो प्रकार आहे, त्याने ही सगळी घडी उलटी बसवली आहे. तिथे गाडी थेट माथ्यावर लागते आणि वाट सुरू होते ती खाली. सकाळच्या गारव्यात माणूस फोटो काढत तासभर मजेत उतरतो. मग पाणी निम्म्यावर आलेलं, ऊन चढलेलं आणि गुडघे बोलू लागलेले असताना त्याच्या लक्षात येतं, की डोंगर अजून चढायचाच आहे.

पुण्याहून काकूंसह चँडलरला मुलाकडे आलेल्या काकांना हे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. चँडलर ते कॅन्यन या चार तासांच्या रस्त्यात मुलाने पुन्हा पुन्हा तेच सांगितलं होतं. पण काका दर रविवारी सिंहगड करणारे, आणि दर रविवारी सिंहगड करणारा माणूस दुसऱ्याचं ऐकण्याच्या पलीकडे गेलेला असतो.

"नदीपर्यंत जाऊन येऊ. उतारच तर आहे," काका म्हणाले.

"बाबा, तो उतार परत येताना चढ होतो."

साउथ कायबाब नावाची ही वाट समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटरवर सुरू होते आणि ११ किलोमीटरमध्ये जवळजवळ दीड हजार मीटर खाली उतरून कोलोरॅडो नदीला भिडते. वाटेत पाण्याचा थेंब नाही, सावली नावाला. नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत येण्याचा प्रयत्न करू नका, असे फलक पार्कवाल्यांनी लावले आहेत. त्यातल्या एकावर उन्हाने बेजार होऊन ओकणाऱ्या एका तरण्याबांड गड्याचं चित्र आहे. तरणाबांड मुद्दामच, कारण आपल्याला काही होत नाही असं वाटणारे बहुधा त्याच वयाचे असतात. काकांच्या वयाचं चित्र नव्हतं, एवढ्यावर काका निर्धास्त झाले. काकूंनी फलक पूर्ण वाचला. काकांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

या वाटेचा जन्म टोलमधून झाला आहे, हे कळल्यावर मात्र मराठी माणसाला ती एकदम आपली वाटते. जवळच ब्राइट एंजल ही जुनी वाट आहे. राल्फ कॅमेरॉन नावाच्या गृहस्थांनी तिच्या आसपास खाणींचे दावे ठोकले आणि उतरणाऱ्यांकडून माणशी एक डॉलर घ्यायला सुरुवात केली. खाणीतून काय निघालं ते देव जाणे, पण टोल नियमित निघत होता. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तरी ब्राइट एंजल सरकारच्या हाती लागेना. अखेर पार्क खात्याने १९२४-२५ मध्ये कडा फोडून साउथ कायबाबची स्वतंत्र वाटच खोदली. टोलनाका चुकवायला सरकारनेच आडवाट काढल्याचं हे उदाहरण दुर्मीळ म्हणायला हवं. त्या वेळी कॅमेरॉनसाहेब कुठे होते? वॉशिंग्टनमध्ये. ॲरिझोनाचे सिनेटर म्हणून.

दीडेक किलोमीटर उतरल्यावर 'ऊ-आ पॉइंट' लागतो. पार्कवाल्यांनी हे नाव अधिकृत पाटीवर लिहून ठेवलं आहे आणि तिथे पोचणारा प्रत्येक जण तो हुकूम असल्यासारखा पाळतो. काकूंनी "अगंबाई!" केलं, ते चालवून घेण्यात आलं.

आणखी खाली सीडर रिज नावाचं लाल मातीचं सपाट टेकाड आहे. तिथून पलीकडच्या बाजूला दोन उंच सुळके दिसतात. मुलाने नकाशा उघडला. एकाचं नाव ब्रह्मा टेंपल, दुसऱ्याचं झोरोआस्टर टेंपल.

"पारशी इथेही आहेत?" काकूंनी विचारलं.

ही क्लॅरेन्स डटन यांची कृपा. डटन लष्करात कॅप्टन आणि पेशाने भूवैज्ञानिक. १८८२ मध्ये त्यांनी कॅन्यनवर जो ग्रंथ लिहिला, त्यात इथल्या सुळक्यांना पौर्वात्य देवालयांची नावं देण्याची प्रथा पाडली. एवढ्या भव्य खडकांना एखाद्या आमदाराचं नाव द्यावंसं त्यांना वाटलं नाही, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. पुढच्या नकाशाकारांनीही तोच कित्ता गिरवला. आज नकाशात विष्णू, शिव, मनू, बुद्ध आहेत. कृष्ण आणि राम यांच्या नावाचे दोन लहान सुळके आहेत. भारतात ब्रह्मदेवाचं देऊळ पाहायचं तर बहुधा पुष्करची वाट धरावी लागते, इथे तो समोरच उभा. काकूंनी जागच्या जागी हात जोडले. पुढे जायला रीतसर पायवाटच नाही.

शिवाच्या देवळाची कथा तर पुराणात शोभेल अशी. या सुळक्याचा माथा सपाट आणि भोवतालच्या कड्यांपासून तुटलेला. तिथले प्राणी हजारो वर्षं एकटेच वाढून वेगळे झाले असतील, या आशेने न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने १९३७ मध्ये हॅरॉल्ड अँथनी यांच्या नेतृत्वाखाली मोहीम काढली. वर्तमानपत्रांनी तर वर डायनोसॉरही शिल्लक ठेवले. मोहीम वर पोचली. सापडले उंदीर, खारी, आणि कोडॅक फिल्मचं एक रिकामं खोकं. कॅन्यनच्या काठावर स्टुडिओ थाटलेले छायाचित्रकार एमरी कोल्ब यांना मोहिमेत घेतलं नव्हतं. म्हणून ते आधीच गुपचूप चढून, आपली खूण ठेवून उतरले होते. अनोख्या जमातींचा शोध तिथेच आटोपला.

काकांना खरे वेध लागले होते ते विष्णूचे. नदीकाठचे काळपट खडक 'विष्णू शिस्ट' म्हणून ओळखले जातात आणि त्यांचं वय पावणेदोनशे कोटी वर्षं आहे. काठावरचा चुनखडक अवघा सत्तावीस कोटींचा. म्हणजे सरासरी काढली तर एक मीटर उतरलं की माणूस दहा लाख वर्षं मागे जातो. "एवढं जवळ आलोय तर विष्णूला भेटूनच येऊ," काकांनी जाहीर केलं.

एवढ्यात पाठीला पाण्याची इवलीशी पिशवी लावलेली एक पांढऱ्या केसांची बाई "गुड मॉर्निंग" म्हणत धावत खाली गेली. चालत नव्हे, धावत. या काठावरून नदीत, पलीकडच्या काठावर आणि परत अशी ६७ किलोमीटरची दौड हा इथल्या धावपटूंचा लाडका छंद आहे. त्यात एकूण चढ तीन हजार मीटरहून जास्त. ऑक्टोबर २०१६ मध्ये जिम वॉल्म्सलीने हे सगळं ५ तास ५५ मिनिटं २० सेकंदांत उरकलं.

"मग त्याने पाहिलं काय?" काका म्हणाले. प्रश्न रास्त आहे. पण तोच प्रश्न मोबाइलच्या पडद्यातून कॅन्यन पाहणाऱ्या माथ्यावरच्या गर्दीलाही विचारता येईल.

वाळवंटाची खरी फसवणूक मात्र हवेत असते. हवा इतकी कोरडी, की घाम दिसायच्या आत उडून जातो. माणसाला वाटतं, आपल्याला घामच येत नाही. मग कोणी पाणी पीतच नाही. आणि कोणी नुसतं पाणीच पीत राहतो, तेव्हा रक्तातलं मीठ उतरून भोवळ येते. म्हणून इथले रेंजर पाण्याबरोबर खारट खाणं ठेवायला बजावतात. हे ऐकून काकूंनी पिशवीतून चिवडा आणि खारे शेंगदाणे काढले. भरताना "एवढं कोण खाणार?" असं म्हणणाऱ्या सूनबाईंनी दोन मुठी घेतल्या. वास लागताच एक खारही हजर झाली. इथल्या खारींना खाऊ घातल्यास दंड होतो आणि त्या कडकडून चावतात. काकांनी चिवडा छातीशी धरला.

साडेनऊला काकूंनी निर्णय दिला. "विष्णू तिथेच आहे. पावणेदोनशे कोटी वर्षं कुठे गेला नाही. चला वर."

परतीच्या चढावर वळणागणिक काका नम्र होत गेले. अर्ध्या वाटेत खालून खेचरांची रांग आली. नदीकाठच्या फँटम रँचला सामान हीच पोचवतात, कचरा आणि पोस्टकार्डं हीच वर आणतात. नियम असा, की आपण दरीपासून लांब राहून कड्याला पाठ लावायची आणि गप्प उभं राहायचं. काका त्या दिवशी पहिल्यांदाच गप्प उभे राहिले. खेचरं गेली, मागे त्यांनी वाटेवर जे ठेवलं, त्यातून मार्ग काढत काका म्हणाले, "पुढच्या खेपेला यांच्यावर बसूनच जाऊ."

"कपड्या-सामानासकट नव्वद किलोच्या आत लागतं, बाबा," मुलगा म्हणाला. काकूंनी काकांच्या पोटाकडे पाहिलं आणि चिवड्याचा डबा बंद केला.

कोणाला खरंच विष्णूपर्यंत जायचं असेल, तर ऑक्टोबर बरा. उन्हाळ्यात खाली पारा सहज चाळिशी ओलांडतो. जुलै २०२५ च्या वणव्यात उत्तर काठावरचं जुनं लॉज जळून गेलं आहे, तेव्हा बेत दक्षिण काठाचाच आखावा. खाली मुक्काम हवा असेल, तर फँटम रँचच्या खाटा लॉटरीने मिळतात आणि तिचा अर्ज पंधरा महिने आधी भरावा लागतो.