तिघांचं बहुमत, एकाच होस्टवर

प्रायव्हेट क्लाउडमध्ये आता नेटवर्कही सॉफ्टवेअरचं. ते चालवायला कंट्रोलर हवा, आणि तो म्हणजे पुन्हा एक व्हर्च्युअल मशीनच. एक नव्हे, तीन. व्हीएमवेअरच्या एनएसएक्समध्ये मध्यम आकाराच्या अशा प्रत्येक मशीनला, म्हणजे मॅनेजरला, 6 व्हीसीपीयू, 24 जीबी मेमरी आणि 300 जीबी डिस्क लागते. म्हणजे एकाही ॲप्लिकेशनने तोंड उघडण्याआधी 72 जीबी मेमरी व्यवस्थापनाच्या घशात!

तीनच का? एक गेला तरी दोघांचं बहुमत राहावं म्हणून. हे गणित विधानसभेपेक्षा सरळ. इथे कुणी गुवाहाटीला जात नाही. पण तिघांनी वेगवेगळ्या होस्टवर राहावं हा नियम कुणीतरी मुद्दाम लावावा लागतो, आणि आपल्याकडे 'कुणीतरी' हे पद कायम रिक्त. मग तिघे गुण्यागोविंदाने एकाच होस्टवर. तो बसला की सत्ताधारी आणि विरोधक एकदमच आडवे. बाकी होस्टांवरची वाहतूक चालूच राहते, बरं का. फक्त नवा बदल करता येत नाही. त्यामुळे बराच वेळ कुणाला पत्ताही लागत नाही. आराखड्यात मात्र तीन सुटे चौकोन आणि वर ठळक अक्षरांत 'हाय अव्हेलेबिलिटी'. ऑडिटवाल्यांनी त्यावर टिकही केली आहे.