अर्ध्या वाटेवरून मागे फिरणारे

राजूरच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात कुणाच्या दारात घोडा बांधलेला दिसला, की येणारा-जाणारा हटकून विचारतो, "याचा उपयोग काय?" उपयोग खरोखरच नाही. नांगरटीला ट्रॅक्टर आहे, भोकरदनच्या बाजाराला मोटारसायकल आहे, अडीअडचणीला जीप मिळते. घोड्याला मात्र रोजचा कडबा, भिजवलेला हरभरा, सकाळ-संध्याकाळ खरारा आणि दीडेक महिन्याला नालबंद लागतो. दुष्काळी सालात माणसं दावणीची जनावरं विकतात, तेव्हाही घोडेवाला घोडा विकत नाही. गाव त्याला वेडा म्हणतं. त्यातही ज्याने घोडा खच्ची केलेला नाही तो जास्त वेडा, आणि जो असा घोडा घोडीसोबत, चारचौघांच्या रपेटीत नेतो, त्याच्या वेडाला सीमाच नाही. मी आज या शेवटच्या माणसाची बाजू घेऊन लिहितो आहे, आणि मनापासून लिहितो आहे.

हा वेडेपणा मला पाच जनावरांच्या आमच्या रपेटीने शिकवला. दोन घोडे, दोन घोड्या, एक खच्ची केलेलं वयस्कर तट्टू. संकष्टीला पहाटे निघायचं, शेतवाटांनी राजूरच्या गणपतीला जायचं, ऊन चढायच्या आत परतायचं. राजूरला मोठं पीठ मानतात, अंगारकीला तर रस्ता माणसांनी फुलून जातो. सगळ्यांत वडीलधारे आबा. त्यांच्या पडवीत भिंतीवरच्या कॅलेंडरवर शिसपेन्सिलीच्या खुणा असत. चतुर्थीच्या चंद्राशेजारी कुठे गोल, कुठे फुली. गोल एका घोडीचा, फुली दुसरीची. घोडी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि पाच ते सात दिवस राहते. दिवस मोठे होत जातात तसा हा फेरा पक्का होत जातो. आबा हे कुठल्या पुस्तकात शिकले नव्हते. खुणा बघून ते कुठली घोडी न्यायची आणि कुठली घरी ठेवायची, हे आदल्या रात्री सांगत.

निघतानाचा क्रमही तेच लावत. घोडा पुढे, मग खच्ची तट्टू, मग घोड्या, आणि दुसरा घोडा पार मागे. मधलं तट्टू म्हणजे भिंत. दोन जनावरांत निदान एका घोड्याची लांबी, घोड्याच्या बाबतीत दुप्पट. वारा पाठीमागून असला तर क्रम बदलायचा, दोन्ही घोडे मागे घ्यायचे आणि अंतर आणखी वाढवायचं, कारण घोडा डोळ्यांआधी नाकाने बघतो. थांबलं तर नाकाला नाक लावू द्यायचं नाही. दोन नाकं भिडली की घोडी किंचाळते आणि पुढचा पाय हापटते, तो पाय खाली उभ्या माणसाच्या गुडघ्यावर बसतो. पाणी एकेकाने पाजायचं. एका झाडाला दोन जनावरं बांधायची नाहीत. घोडा नुसत्या मोहरकीवर हातात धरायचा नाही, तोंडात लगाम हवा. आणि घोडीने लाथ झाडली तर ती बहुतेक वेळा घोड्याला चुकून स्वाराच्या नडगीला लागते, म्हणून लाथाळ घोडीच्या मागे कुणी कधीच राहायचं नाही. इंग्लंडात शिकारीच्या रपेटीत अशा घोडीच्या शेपटीला लाल फीत बांधतात. आमच्याकडे आबांचं ओरडणं होतं.

एका फाल्गुनातल्या संकष्टीला कॅलेंडरप्रमाणे दोन्ही घोड्या न्यायला हरकत नव्हती. राजूर तीन-चार किलोमीटरवर राहिलं असेल. हरभऱ्याची काढणी झालेली, वावरात दव, पूर्वेला नुसती लाली. वारा फिरला आणि मागचा घोडा जागच्या जागी थांबला. मान ताणून वर केली, वरचा ओठ नाकपुड्यांवर दुमडला, दात उघडे पडले, आणि तो तसाच पुतळ्यासारखा उभा राहिला. पाहणाऱ्याला वाटतं घोडा हसतो आहे. तो हसत नसतो. हवेतला वास तो टाळूच्या वरच्या एका वेगळ्या इंद्रियाकडे ओढून घेत असतो आणि घोडी कुठल्या दिवसात आहे हे त्याला त्यातून कळतं. पुढे घोडीने शेपटी बाजूला घेतली होती आणि थोडीथोडी लघवी टाकत होती. कॅलेंडर चार दिवसांनी चुकलं होतं.

आबा म्हणाले, "मागं."

एवढंच. घोडा अजून खिंकाळलाही नव्हता. बामाचं बोट नाकपुडीच्या कडेला लावून वास मारता येतो, तो उपाय आमच्याजवळ होता. आमच्यातल्या एका पोराने तो सुचवलाही. आबांनी मान हलवली. बामाने नाक फसेल, डोळे नाही, कान नाही. आणि पुढे चतुर्थीची गर्दी, बापाच्या खांद्यावर बसलेली लेकरं, फुलवाल्यांच्या टोपल्या, हॉर्न. त्या गर्दीत चारशे किलोचा घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला, तर त्याला धरणारा लगाम अजून कुणी बनवलेला नाही. त्यांनी दोन्ही घोड्या तट्टासोबत आधी घरी धाडल्या. घोडी एकटी पाठवली असती तर ती हाका मारत राहिली असती आणि घोड्याने उत्तर दिलं असतं. आम्ही दोन्ही घोडे लांबच्या वावरात नेऊन अर्धा तास गोल फिरवत ठेवले. आबांनी तिथूनच राजूरच्या दिशेला हात जोडले. रस्त्याने जाणारे भाविक हसले. एक जण ओरडला, "आबा, गणपती हिकडं हाय!"

आजवर पाहिलेल्या घोडेस्वारीतलं सगळ्यांत मोठं कर्तब मला हेच वाटतं. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात नाचणारे घोडे पाहिले आहेत, खाटेवर पाय ठेवणारे पाहिले आहेत. तिथे खरेदीदार घोड्याचं देवमण बघतो, पांढरे पाय मोजतो, उंची मोजतो. घोडीशेजारी हा कसा चालतो, असं विचारणारा गिऱ्हाईक मला फार क्वचित भेटला. विचारायला हवा तो प्रश्न तोच.

आणि हा आमचा मुलूख घोड्यांना अनोळखी नाही. राजूरच्या उत्तरेला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची लढाई झाली. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या त्या माणसाचे एका दिवसात दोन घोडे त्याच्या मांडीखाली घायाळ झाले. इथल्या स्वारांचे पुष्कळ घोडे खच्ची नसत. म्हणून तर आपल्याकडे छावणीत आगाडी-पिछाडी लावायची पद्धत: पुढे मोहरकीचे दोन दोर दोन खुंट्यांना, मागच्या पायांना वेगळे दोर. रात्रभर हजारो जनावरं रांगेत उभी राहत ती या दोरांच्या आणि मोतद्दारांच्या जागरणाच्या जिवावर. त्या मोतद्दारांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आबांच्या पडवीतली पिछाडी मी हातात घेऊन पाहिली आहे. पायाशी येणारा भाग जुन्या धोतराच्या घड्या शिवून मऊ केलेला, कातडी सोलू नये म्हणून.

घोडीच्या एका वासाने काय होऊ शकतं हे लढणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक होतं. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात इजिप्तच्या तिसऱ्या थुतमोसने कादेशला वेढा घातला, तेव्हा तिथल्या राजाने त्याच्या सैन्यात एक घोडी सोडली. रथांचे घोडे उधळले तर वेढाच मोडेल, हे ओळखून अमेनेमहेब नावाचा सरदार पायी तिच्या मागे धावला, तिला मारलं आणि शेपूट कापून थुतमोसपुढे ठेवलं. हे त्याने स्वतःच्या थडग्यात कोरवून घेतलं आहे. मला त्या घोडीचं वाईट वाटतं. पण धोका दिसताक्षणी धावणाऱ्या त्या माणसात आणि "मागं" म्हणणाऱ्या आबांत मला नातं दिसतं. आबांच्या हातून मात्र कुणी मेलं नाही.

शहाणे लोक सांगतात, घोडा खच्ची करून टाका, निम्मी कटकट जाईल. ते खोटं नाही, आणि ज्याला रोज दोन तास देता येत नाहीत त्याने तेच करावं. नुसत्या ऐटीसाठी अशा घोड्यावर बसून वरातीत घुसणाऱ्यांशी माझं भांडण आहे. त्यांना मी वेड्यांत धरत नाही. माझे वेडे वेगळे आहेत. ते निघायच्या आधी घोडीच्या शेपटीखाली बघतात, वाऱ्याला तोंड देऊन उभे राहतात, तंग दोनदा तपासतात, आणि एवढं सगळं करून अर्ध्या वाटेवरून परत येतात.

घरी आल्यावर आबांनी आधी घोड्यांची खोगिरं उतरवली, अंगावरचा घाम गवताच्या बोळ्याने पुसला, मग पेन्सिल घेतली. जुना गोल पुसून चार घरं अलीकडे काढला. एकवीस मोजले, त्यावर सहा दिवस धरले. सत्ताविसाव्या दिवशी माज उतरणार होता आणि पुढची संकष्टी त्यानंतर दोन दिवसांनी होती. मी म्हटलं, "मग नेता येईल की तिला."

आबा बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिले. "दोन दिसाचाच फरक हाय," ते म्हणाले. "नको."

पुढच्या संकष्टीला ती घोडी घरीच राहिली. आम्ही चौघे राजूरला गेलो.